केळशीकरकाकूंनी उसवलेली पाठ

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या ब्लॉकसमोर एक हिरवळ होती. हिरवळ हे तिचं सरकारी नाव. रंगानं ती पिवळी होती. हिवाळ्यात तिच्यावर ऊन आलं की ब्लॉकमधल्या बायका सतरंज्या, मटारच्या पिशव्या आणि लोकरीचे गुंडे घेऊन खाली उतरायच्या, आणि मग ऊन जाईपर्यंत तिथे कुणी गप्प बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मराठी, पंजाबी, मल्याळी असं सगळं एकाच वेळी बोललं जायचं. ज्यांना ज्यांचं कळत नव्हतं त्यांचंसुद्धा काही अडत नव्हतं.

ती हिरवळ एकदा गप्प झाली. एशियाड होऊन गेलं त्याच्या पुढच्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी. सुट्टी म्हणून मी वरच्या गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. खालचा आवाज इतका एकाएकी बंद झाला, की मला वाटलं आपले कान गेले. वाकून पाहिलं, तर सगळ्यांच्या सुया हवेत थांबलेल्या. माझी बायको अरुणा मटारची शेंग अर्धी उघडून तशीच बसलेली. एका बाजूला वृंदा साळवे उभी, पांढरीफटक. आणि सगळ्यांच्या मधोमध केळशीकरकाकू, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडातून काहीही बाहेर येत नाही, असं दृश्य. काकूंच्या तोंडाचं हे रूप आम्ही कुणीच पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

काय झालं होतं ते सांगतो. पण त्याआधी काकू सांगायला हव्यात.

चंद्रप्रभा केळशीकर ही बाई दापोलीकडची. जिथे थंडी म्हणजे पहाटे जरा पांघरूण ओढून घेणं, अशा मुलखातून लग्न करून त्या दिल्लीला आल्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लोकर पाहिली. मोठ्या वयात देव भेटलेल्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. यजमान गुणवंतराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ते फाइलीवर जेवढं लिहीत त्याच्या निम्म्यानंसुद्धा घरी बोलत नसत. घरातल्या बोलण्याचं सगळं काम काकूंकडे होतं, आणि ते त्या विणता विणता उरकत.

नवीन लोकर आणून स्वेटर विणणाऱ्या बायका दिल्लीत गल्लोगल्ली होत्या. काकूंचं तसं नव्हतं. त्या उरलेल्या लोकरीच्या बाई होत्या. कुणाचा स्वेटर पुरा होऊन मूठभर गुंडा उरला, कुणाच्या मुलाला बाही आखूड झाली म्हणून स्वेटर उसवला, कुणाची शाल कसरीनं खाल्ली, की त्यातलं जे उरेल ते पिशवीत घालून काकूंच्या दाराच्या कडीला अडकवून यायचं, हा ब्लॉकचा रिवाज. बेल वाजवायची नाही, कुणाची म्हणून सांगायचं नाही. कडीला अडकवलं की ते काकूंचं झालं. "हातभर धागा म्हणजे कचरा नव्हे ग," असं त्या म्हणायच्या, आणि त्या हातभर धाग्यांतून मफलर विणायच्या. धागा धाग्याला जोडताना गाठ मारायच्या नाहीत. गाठ मारणाऱ्या बाईविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. दोन्ही टोकं उलगडायची, एकात एक घालायची, तळहातावर थुंकी घेऊन खसाखसा चोळायचं, की जोड कुठे आहे ते ब्रह्मदेवाला सापडायचं नाही. थुंकीचा भाग मफलर घालणाऱ्याला सांगत नसत.

हे मफलर मग थंडी पडली की ज्याच्या त्याच्या गळ्यात जायचे. चौकीदार, दुधाच्या बूथवरचे सुभेदार, लिंबाखाली इस्त्रीचा ठेला लावणारा बन्सीलाल. रंगांचं काही विचारू नका. राखाडीनंतर पोपटी, पोपटीनंतर बिस्किटी, मधेच दोन ओळी भडक गुलाबी. सकाळी धुक्यात दूध आणायला जावं, तर आधी माणूस दिसायचा नाही, मफलर दिसायचा. आणि ज्याला माहिती आहे त्याला तो वाचतासुद्धा यायचा: हा पट्टा चोप्रांच्या लेकीच्या फ्रॉकचा, हा नायरसाहेबांच्या अर्ध्या बाह्यांचा, हा आमच्या अरुणाच्या फसलेल्या टोपीचा.

फसलेलं काही आलं की काकूंना विशेष आनंद व्हायचा. दुसऱ्याच्या विणकामातल्या चुका त्यांना दुरून दिसायच्या. त्यांचा स्वतःचा हात घट्ट होता. त्यांचा मफलर फळीसारखा उभा राहायचा, आणि जगातला प्रत्येक मफलर तसाच राहायला हवा अशी त्यांची समजूत होती. "हे काय, मच्छरदाणी विणलीयेस का?" असं त्या अरुणाला माझ्यादेखत म्हणाल्या होत्या.

आता त्या शनिवारकडे येतो.

आमच्या समोरच्या जिन्यात विश्वास साळवे राहायचा. नगरचा, ख्रिस्ती, हसतमुख आणि धांदरट. बायको वृंदा, तीही नगरचीच. वृंदाची आई अहिल्याबाई त्या पावसाळ्यात वारल्या होत्या. वडील बळवंतराव भिंगारदिवे, मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर, नाताळाला पहिल्यांदाच दिल्लीला यायचे होते. मुळात दोघं मिळून येणार होती. दिल्लीच्या थंडीचा धसका घेऊन अहिल्याबाईंनी त्यांच्यासाठी जाड स्वेटर विणायला घेतला होता, डाळिंबी रंगाचा. पाठ पुरी झाली, पुढचा भाग निम्मा झाला, आणि त्या गेल्या. तो अर्धा स्वेटर वृंदानं दिल्लीला आणला. बाबा येण्याआधी तो पुरा करायचा आणि स्टेशनवरच त्यांच्या अंगात घालायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

तर ऑक्टोबरात साळव्यांच्या क्वार्टरला सरकारी सफेदी निघाली. सफेदीवाले कधी सांगून येत नाहीत. बादल्या घेऊन दारात उभे राहतात, आणि मग सगळा संसार अर्ध्या तासात शेजाऱ्यांकडे वाटावा लागतो. वृंदा ऑफिसात होती. विश्वासनं कॉट आमच्याकडे टाकल्या, रेडिओ चोप्रांकडे दिला, आणि सासूबाईंच्या स्वेटरची पिशवी हातात घेऊन त्यानं जरा विचार केला. विचार केला, हेच चुकलं. लोकरीची वस्तू लोकर सांभाळणाऱ्या घरी ठेवावी म्हणून तो काकूंकडे गेला. काकू सरोजिनी नगरच्या बाजारात गेल्या होत्या. दाराला कडी होती.

संध्याकाळी त्यानं वृंदाला सांगितलं, पिशवी काकूंकडे ठेवलीय. वृंदा म्हणाली, बरं केलंस, तिथे डांबराच्या गोळ्या तरी असतात, राहू दे थंडीपर्यंत.

पुढचा संवाद अरुणानं मला इतक्या वेळा करून दाखवला आहे, की मी तो खालीच बसून ऐकल्यासारखा सांगू शकतो.

"काकू, माझी पिशवी देता? आता विणायला घेते."

"कुठली ग पिशवी?"

"ती निळी. सफेदीच्या वेळी विश्वासनं ठेवली होती ना तुमच्याकडे. डाळिंबी लोकरीची."

"अगबाई, ती तुझी होती होय!" काकूंचा चेहरा उजळला. "मी म्हटलं, एवढी झ्याक लोकर कुणी अडकवली! पण काय ग, विणणारी कोण शिकाऊ होती? पाठ अशी तिरकी! एक खांदा वर, एक खांदा खाली! मी ह्यांना बोलावून दाखवली. दोघं हसलो. म्हणजे मी हसले, हे कुठे हसतात. बिल्कुल फुकट गेली असती लोकर. एका बसणीत सगळी उसवून काढली बघ."

"उसवली?"

"मग! चार मफलर झाले. बिस्किटीच्या मधे डाळिंबी इतका खुलतो, चलो, दाखवते तुला, एक तर हे घालूनच बाहेर गेलेत."

वृंदा अगदी हळू म्हणाली, "काकू, ते माझ्या आईनं विणलं होतं. बाबांसाठी. बाबांचा खांदा तसाच आहे."

वर माझ्यापर्यंत जी शांतता आली, ती ही. मग वृंदा निघून गेली.

काकूंनी हातातलं विणकाम सतरंजीवर ठेवलं. ओळ अर्धवट टाकून. विणणाऱ्या बायकांना विचारा, ओळ अर्धी टाकून कुणी उठत नाही, घरात दूध उतू जात असलं तरी. काकू उठल्या आणि घरी गेल्या. मागे मिसेस चोप्रांनी फक्त "हाय रब्बा" एवढंच म्हटलं, आणि त्यानंतर सगळ्याजणी आपापल्या घरी निघाल्या. ऊन चांगलं चारपर्यंत होतं. ते वाया गेलं.

संध्याकाळी विश्वास काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. सगळी चूक आपलीच आहे, हे सांगायला. काकूंनी त्याला आत घेतलं नाही.

"तुझी चूक तू घरी सांग. ते मास्तर कधी यायचेत?"

"नाताळाच्या आदल्या दिवशी."

"वृंदा काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तेच तर."

अरुणा म्हणाली, तशीच लोकर करोल बागेत मिळेल, आपण नवीन आणू, सगळ्याजणी मिळून विणू. काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती वाक्य पुरं न करताच परत आली. "लोकर तिच्या आईनं हाताळलेलीच हवी," काकू म्हणाल्या. "टाके मी घालवले. लोकर तरी आहे."

म्हणजे दिलेले मफलर परत मागायचे. आता काकूंच्या सबंध आयुष्यात त्यांनी दिलेली वस्तू परत मागितलेली नव्हती. एकदा मुंबईच्या नणंदेनं नेलेली परातसुद्धा नाही. ती गोष्ट त्या दरवर्षी काढायच्या, पण मागत नव्हत्या.

पहिला मफलर सोपा होता. गुणवंतराव फिरून आले, दारातच काकूंनी त्यांच्या गळ्यातून तो ओढून घेतला आणि तिथेच उसवायला बसल्या. गुणवंतराव गळ्याला हात लावून बराच वेळ उभे होते.

दुसरा बूथवरच्या सुभेदारसाहेबांचा. मोठ्या लढाया पाहिलेला माणूस. काकू म्हणाल्या, "सुभेदारजी, वो मफलर मेरेको वापस होना." सुभेदारांच्या मिशा क्षणभर हलल्या. मग त्यांनी मफलर काढला, दुधाच्या काउंटरवर त्याची सैन्यात करतात तशी चौकोनी घडी घातली, आणि दोन्ही हातांनी दिली. रांगेतल्या लोकांचे मात्र डोळे बाहेर आले. काकूंनी त्यांना बदली गुणवंतरावांचा मरून रंगाचा मफलर दिला, बाजारातला, नवा कोरा. तो त्यांनी घेतला, पण गळ्यात घातला नाही. काकू तिथून दूध न घेताच परत आल्या.

बन्सीलालकडे याहून वाईट झालं. तो इस्त्री बाजूला ठेवून हात जोडूनच उभा राहिला. "बहनजी, हमसे कोई गलती हो गई? साहब की कमीज़ जल गई क्या?" काकू म्हणत होत्या, नहीं रे बाबा, मेरी गलती, मेरी, पण त्याची बायको तोवर रडायला लागली होती. तिला वाटलं, आता ठेला पण उठवणार. शेवटी काकू तिच्याजवळ निखाऱ्यांशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी आपल्या त्या दापोली-दिल्ली हिंदीत सगळी हकीकत सांगितली: मरी हुई माँ, बाप का कंधा, पिशवी, कडी. ती बाई ऐकता ऐकता रडायची थांबली. हळूच तिनं आपल्या नवऱ्याच्या गळ्यातला मफलर काढला आणि स्वतःच उसवायला घेतला. "ऐसे कैसे उधेड़ दिया, अम्मा?" एवढंच तिनं विचारलं. गुणवंतरावांचा लाल पुलोव्हर बन्सीलालकडे गेला.

चौथा मफलर चौकीदार रामधारीचा. त्यानं मान खाली घातली. मफलर त्यानं जावयाला दिला होता. जावई पानिपतला हातमागावर होता.

काकूंनी जाहीर केलं, मी पानिपतला जाणार. त्या वेळी गुणवंतराव बोलले. मी तिथेच होतो म्हणून सांगू शकतो.

"आपल्याकडचे लोक पानिपतला गेले की काय होतं, ते शाळेत शिकवतात," ते म्हणाले. "जरा विचार कर."

"त्यांच्याजवळ गरम कपडे नव्हते," काकू म्हणाल्या. "मी दोन स्वेटर घालून चालले आहे."

बरोबर विश्वास होता. बसनं गेले. जावई हातमागावरून उठून बाहेर आला, आणि दिल्लीहून एक बाई सासऱ्यांनी दिलेला मफलर परत न्यायला आली आहे, हे कळल्यावर तो मागच्या मागे खाटेवर बसला. "बाबूजी इतने नाराज़ हैं?" त्याला वाटलं, आता बायकोलाही परत नेणार. गैरसमज दूर व्हायला दोन वेळा चहा लागला. परत येताना बसमध्ये काकू त्या मफलरला छातीशी धरून बसल्या होत्या, असं विश्वास सांगतो. पानिपतहून परत आलेलं माणूस बघायला ब्लॉकमधले मराठी लोक जिन्यात उभे होते. गुणवंतरावांनी स्वतः चहा केला. त्यांच्या अंगात आता कोटाखाली फक्त सदरा उरला होता.

मग काकूंनी सगळी डाळिंबी लोकर वेगळी काढली, लडी करून कोमट पाण्यात धुतली, आणि टाक्यांचे वाक निघावेत म्हणून लडीला पितळी तांब्या बांधून ती गॅलरीत टांगली. येता-जाता सगळे वर बघायचे. वृंदासुद्धा बघायची आणि खाली मान घालून जायची. काकूंशी ती बोलत नव्हती. भांडली असती तर बरं, काकू म्हणायच्या. भांडणाचं आपण बघून घेतो.

विणायला बसल्या तेव्हा अरुणा जवळ होती. काकूंनी नेहमीच्या सुया बाजूला ठेवल्या आणि जाड सुया घेतल्या. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ती सैल विणायची. उसवताना कळलं होतं मला. मी म्हटलं, शिकाऊ." हिरवळीवर त्या येत नव्हत्या. आपल्या घरात खिडकीशी बसून विणायच्या. पाठ खांद्यापर्यंत झाली, पुढचा भागही तेवढाच झाला, बाह्या झाल्या. आणि खांद्याशी येऊन काम थांबलं.

"कुठला खांदा खाली?" त्यांनी विश्वासला विचारलं.

विश्वास घरी जाऊन विचारून आला. "उजवा."

"किती?"

विश्वास पुन्हा गेला. या खेपेला वेळ लागला. "तिला माहीत नाही. घरात त्या खांद्याबद्दल बोलायचंच नाही, असं आईंनी लहानपणापासून बजावलं होतं म्हणे. एकदा हिनं काही विचारलं, तर चांगला धपाटा बसला."

"आणि तू? तू जावई ना?"

"सासऱ्यांच्या खांद्याकडे कोण बघतं, काकू?"

काकू कपाळाला हात लावून बसल्या. "पाठ माझ्या हातात होती," त्या म्हणाल्या. "सबंध पाठ. मी हसले एवढंच आठवतं. मोजलं नाही."

म्हणून काकू स्टेशनवर आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याजवळ तेव्हा एक जुनी फियाट होती, आणि विश्वासला रजा नव्हती, म्हणून मी वृंदाला घेऊन निघालो होतो. गाडीत बसायला जातो, तर मागच्या सीटवर काकू, शाल गुंडाळून, समोर बघत. वृंदा दार उघडून क्षणभर थांबली आणि त्यांच्या शेजारी बसली. स्टेशनपर्यंत आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गाड्यांत बसल्यासारखे गेलो.

धुक्यानं गाडीला उशीर झाला होता. अखेर डब्यातून काळा कोट घातलेले, पांढऱ्या केसांचे, ताठ बळवंतराव उतरले. वृंदा त्यांच्या गळ्यात पडली. मी सामान घेतलं. आणि काकू? काकू त्यांच्या मागे गेल्या. मागे म्हणजे अगदी पाठीमागे. एखाद्या हमालावर लक्ष ठेवावं तशा त्या बळवंतरावांच्या पाठीकडे बघत प्लॅटफॉर्मभर चालत आल्या. मास्तरांनी दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी पाकीट चाचपलं.

गाडीत ते माझ्या शेजारी पुढे बसले. काकू त्यांच्या बरोबर मागे. कोटाला आत जाड कापड भरलेलं असणार, त्यामुळे काकूंचं समाधान झालं नव्हतं, हे मला आरशात दिसत होतं. एका गोलचक्करात मी गाडी वळवली आणि त्याच क्षणी मागून काकूंचा हात आला, आणि त्यांनी मास्तरांच्या उजव्या खांद्यावर बोटं पसरून दाबून पाहिलं.

"अहो बाई! काय चाललंय काय?"

मी दचकलो, गाडी एका स्कूटरवाल्याच्या अंगावर जाता जाता वाचली, आणि त्या स्कूटरवाल्यानं आम्हाला जे म्हटलं ते नाताळाच्या आदल्या दिवशी म्हणण्यासारखं नव्हतं. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, काकूंनी सगळं सांगितलं. काही राखून नाही. हसले, हेसुद्धा सांगितलं. "तुमच्या मंडळींच्या हातचं शेवटचं होतं, मास्तर. मी त्याचे मफलर केले. लोकर सगळी परत आणलीय, फक्त खांदा किती खाली आहे ते कळत नाही. तेवढं बघू द्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

वृंदा खिडकीबाहेर बघत होती. मी स्टिअरिंगकडे. मास्तर हळूहळू सीटमध्येच वळले.

"खांदा खाली आहे?" ते म्हणाले.

त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

"माझा?"

"बाबा," वृंदा म्हणाली.

"तो लहानपणी मोडला होता. बैलगाडीवरून पडलो होतो. पण तो बसला होता की! अहिल्या म्हणायची, कुणाला दिसतसुद्धा नाही." ते माझ्याकडे वळले, जणू मी त्यांचा साक्षीदार होतो. "दाढीच्या आरशात मान दिसते माणसाला. खांदे कुठे दिसतात! कोट शिवला की एका बाजूला लोंबायचा. नगरातले किती शिंपी मी बदलले! एकाला तर दुकानात उभं राहून वाटेल ते बोललो. तिला म्हणायचो, बघ, तुझ्या हातचा स्वेटर कसा सरळ बसतो. सगळ्या नगरात सरळ हात तुझा एकटीचा. ती म्हणायची, शिंप्यांना काही येत नाही हो."

ते मागे वळले.

"वृंदा, तुला माहीत होतं?"

"बाबा, सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही म्हणून आई बोलू देत नाही."

"सगळ्यांना म्हणजे?"

"शाळेत मुलं तिरपे मास्तर म्हणायची ना."

"तिरपे मास्तर म्हणजे मी?" मास्तरांचा आवाज एकदम चढला. "मी आजपर्यंत समजत होतो, तो ड्रॉइंगचा लोंढे!"

मला हसू आलं ते मी गिळलं. मास्तर मात्र हसले नाहीत. ते समोरच्या काचेतून बघत राहिले. लग्नापासूनचा एक एक स्वेटर त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावा. प्रत्येकाचा उजवा खांदा गुपचूप खाली, आणि घरात कुणाला चकार शब्द नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "किती आहे हो, बाई?"

"कोटावरून कळत नाही," काकू म्हणाल्या. "दोन बोटं असेल."

"दोन बोटं," मास्तर म्हणाले. आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं, "बघा तिचं."

घरी आल्यावर त्यांनी अरुणानं करून ठेवलेला चहासुद्धा घेतला नाही. कोट काढून खुर्चीवर टाकला. काकू आपलं विणकाम घेऊन साळव्यांच्या उंबरठ्याशीच थांबल्या होत्या. मास्तरांनी त्यांना आत बोलावलं. "ती करत होती तसंच करा," ते म्हणाले, "आणि बाहेर कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही. समजलं?" आणि ते खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

काकूंनी सुया काढल्या. तेव्हा त्या शनिवारनंतर वृंदा पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"काकू, सुया इकडे द्या. खांदा मी करते. तुमचा हात फार घट्ट आहे. जाड सुया घेतल्या तरी लगेच दिसतोय. आईचं असं नव्हतं."

काकूंच्या विणकामाला त्यांच्या तोंडावर कुणी नाव ठेवल्याचा दिल्लीच्या इतिहासातला तो पहिला प्रसंग. मी अरुणाकडे बघितलं, अरुणानं माझ्याकडे. काकूंचं तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी सुया वृंदाच्या हातात दिल्या आणि तिच्या शेजारी खाली बसल्या.

"मला ते तिरकं करता येत नाही पण," वृंदा म्हणाली. "तुम्ही सांगा."

"सांगते. ओळ शेवटपर्यंत न्यायची नाही, मधेच वळायचं. थांब, आधी माप घेऊ."

काकू उठून मास्तरांच्या पाठीमागे गेल्या. एक बोट डाव्या खांद्यावर, एक उजव्या. आणि गोंधळल्या. पुन्हा बोटं ठेवली. दोन्ही खांदे एका ओळीत होते.

मास्तर श्वास रोखून, मान ताठ, उजवा खांदा जीव खाऊन वर उचलून उभे होते. कपाळावर डिसेंबरात घाम.

"मास्तर," काकू म्हणाल्या, "तो सोडा बघू. इथे कुणी परकं नाही."

मास्तरांनी जरा वेळ तसाच धरला. मग हळूहळू खांदा खाली येऊ लागला, थोडा, आणखी थोडा, आणि एका जागी येऊन थांबला. वृंदा सुया हातात घेऊन बघत होती.

"अडीच," काकू म्हणाल्या. "लिहून बिहून नको ठेवूस. लक्षात ठेव."